दिवा कशाची साक्ष देतो?

दिवाळी अंकासाठी दिव्यांवर लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप पणतीकडे वळते. मी आज ज्या दिव्यांविषयी लिहिणार आहे त्यांना तेल लागत नाही आणि वातही लागत नाही. आकाराने ते मोहरीएवढे. त्यांच्या उजेडात कोणाला अक्षर वाचता येणार नाही, आणि तिन्हीसांजेला त्यांच्यापुढे कोणी हात जोडीत नाही. तथापि आपण बँकेतून पैसे काढतो, गाडीचे तिकीट राखून ठेवतो, रक्ततपासणीचा अहवाल मागवतो, त्या प्रत्येक वेळी कोठल्या तरी थंड खोलीत असा एखादा दिवा लुकलुकून जातो. आपली पुष्कळशी कामे हल्ली त्याच्या भरवशावर चालतात.

माझा पुतण्या अशाच एका खोलीची राखण करतो. गेल्या वर्षी रीतसर परवानगी काढून, वहीत सही करून, त्याच्याबरोबर मी आत गेलो. पुरुषभर उंचीची लोखंडी कपाटे ओळीने उभी. त्यांत खणांसारखी एकावर एक बसवलेली यंत्रे. यांनाच सर्व्हर म्हणतात. समोरून गार वारा आत शिरतो आणि मागून गरम होऊन बाहेर पडतो. पंख्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा अखंड. आणि या सर्वांवर शेकडो बारीक दिवे: बहुतेक हिरवे, एखादा नारिंगी, क्वचित एखादा निळा.

“हिरवा म्हणजे ठीक आणि नारिंगी म्हणजे बिघाड, असेच ना?” मी जाणकाराच्या थाटात विचारले.

“इतकं सोपं असतं तर मला पगार कोणी दिला असता, काका?” तो म्हणाला.

मग त्याने मला दिव्यांची बाराखडी शिकवली. प्रत्येक डिस्कच्या तोंडाशी दोन दिवे असतात. डिस्कवर लिहिणे-वाचणे चालले की हिरवा फडफडतो. नारिंगी स्थिर पेटला तर डिस्क गेली. तो सावकाश मिचकावू लागला तर डिस्क अजून चालते आहे, परंतु लवकरच जाईल असा यंत्राला संशय आला आहे. काही यंत्रांवर याशिवाय एक पांढरा दिवाही असतो. ‘आता मला बाहेर ओढलेत तर सारेच कोसळेल’ एवढेच तो सांगतो. निळा दिवा केवळ ओळखीचा. कपाटाच्या मागच्या बाजूने सगळी यंत्रे सारखीच दिसतात, आणि पुढून मागे जाईपर्यंत माणूस मोजणी विसरतो. म्हणून पुढचे बटण दाबले की त्याच यंत्राचा पुढचा आणि मागचा असे दोन्ही निळे दिवे लागतात. हा निळा दिवा तसा या घराण्यातला धाकटा. डोळ्यांना दिसणारा पहिला तांबडा दिवा या जातीत निक होलोन्याक यांनी १९६२ साली अमेरिकेत पेटवला. लख्ख निळ्यासाठी मात्र १९९० नंतरची वाट पाहावी लागली, आणि तो साधणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे सगळे सांगून झाल्यावर तो मला कपाटामागे घेऊन गेला. तेथे केबलींचे जंगल. प्रत्येक यंत्राला विजेच्या दोन तारा होत्या आणि प्रत्येकीशेजारी एक हिरवा दिवा. दोन तारा अशासाठी की एका बाजूची वीज गेली तर यंत्र दुसरीवर तगावे. एका यंत्रावर बोट ठेवून तो म्हणाला, “हे दोन्ही दिवे हिरवे आहेत. यात गफलत काय ते सांगा.” मला सांगता येईना. तेव्हा त्याने एक तार चिमटीत धरली आणि तिच्यावरून बोट फिरवीत खाली नेले, मग दुसरी. दोन्ही तारा एकाच पट्टीत खोचलेल्या होत्या! ती पट्टी बंद पडती तर दोन्ही दिवे एकाच क्षणी विझले असते. दिव्यांनी असत्य काहीच सांगितले नव्हते. वीज येते आहे एवढेच ते सांगत होते. ती कोठून येते हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

जोडणीच्या भोकांचेही तसेच. विजेची बोंडे उलटी बसूच नयेत अशा आकाराची केलेली असतात. ज्याने ती घडवली त्याने माणसाची घाई आणि काळोख दोन्ही ध्यानात घेतले होते. परंतु जाळ्याच्या केबलीचे आठ तारांचे बोंड ज्या भोकात जायचे, अगदी तशाच आकाराचे दुसरे भोक यंत्राच्या देखरेखीसाठी शेजारीच असते. चुकून त्यात खोचले तरी ‘टक्’ असा समाधानाचा आवाज होतो आणि दिवा हिरवा लागतो. पलीकडच्या टोकाला कोणी तरी जागे आहे, एवढे त्या दिव्याला कळते. तो ‘कोणी तरी’ आपल्याला हवा तोच आहे काय, हे त्याला कळत नाही.

येथपर्यंत मी हे सारे कौतुकाने ऐकत होतो. नंतर त्याने आपली एक रात्र सांगितली, आणि हा लेख त्या रात्रीतून निघाला आहे.

नोकरीचे ते पहिलेच वर्ष. मध्यरात्री इशारा आला की अमुक यंत्रातली एक डिस्क गेली. त्या यंत्रात पाच डिस्का होत्या, आणि त्यांची मांडणी एकत्र कुटुंबासारखी होती: पाचांपैकी कोणीही एक आजारी पडला तरी उरलेले चौघे त्याचा भार आपसांत वाटून घेतात आणि बाहेर कोणाला कळतही नाही. दोघे एकदम पडले तर मात्र घर बसते. हा धावत गेला. पाहतो तो एका डिस्कवर नारिंगी दिवा मिचकावतो आहे. त्याने ती ओढून बाहेर काढली. त्याच क्षणी यंत्र थांबले.

झाले होते ते असे. मिचकावणारी डिस्क म्हातारी झाली होती, कुरकुरत होती, पण आपल्या वाट्याचे काम करीत होती. खरोखर मेलेली डिस्क तिच्या शेजारची. ती इतकी पुरती मेली होती की नारिंगी दिवा लावण्याचेही त्राण तिच्यात उरले नव्हते. ती काळोखी होती, आणि काम नसलेल्या डिस्कही त्या यंत्रात काळोख्याच राहत. त्यामुळे ती निवांत असावी असे त्याला वाटले. त्या यंत्रावर पांढरा दिवा नव्हता. पडद्यावरच्या यादीत मेलेल्या डिस्कचा क्रमांक स्पष्ट लिहिला होता. तो याने घाईत पाहिला नाही. आदल्या दिवशीची नक्कल होती म्हणून निभावले. परंतु सारे पूर्ववत होईतो उजाडले, आणि आदल्या दिवसाचे कित्येकांचे काम पुन्हा करावे लागले.

सकाळी दोन्ही खणांत नव्या डिस्का होत्या. सगळे दिवे हिरवेगार. नोंदवहीत ‘कारण’ असा एक रकाना होता. ‘दोन डिस्का एकाच वेळी निकामी झाल्या’ असे लिहिले असते तर ते खोडून काढणे कोणालाही सोपे नव्हते. एक मेलेली होती, दुसरी मरणाच्या वाटेवर होती. वाक्य फारसे खोटेही ठरले नसते. त्याने लिहिले: ‘एक डिस्क निकामी होती. दुसरी चालू असताना मी काढली. यादी न पाहता दिव्यावरून ठरवले.’ त्या वर्षी त्याची पगारवाढ अडली.

“का लिहिलंस असं?” मी विचारले. माझ्या विचारण्यात काकाची काळजी होती, आणि थोडा व्यवहारही होता, हे कबूल करतो.

“माझ्यानंतर येणारा पोरगाही दिव्याकडेच बघेल ना, काका,” तो म्हणाला.

घरी आल्यावर हे वाक्य मला सोडीना. आपण सारे दिव्याकडेच पाहून चालतो. प्रत्येक ठिकाणी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याइतका वेळ कोणालाच नसतो; म्हणून खुणांवर विश्वास ठेवावा लागतो, आणि तो ठेवण्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की खूण जेवढे पाहून सांगते त्याहून अधिक आपण तिच्यात वाचतो, तेव्हा त्या जास्तीच्या वाचनाची जबाबदारी कोणाची? दिव्याची, दिवा बसवणाऱ्याची, की वाचणाऱ्याची?

या प्रश्नाचे एक भयंकर उदाहरण सर्वश्रुत आहे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि नंतर बंद होईना. नियंत्रणकक्षात त्या झडपेचा एक दिवा होता. तो विझला. तेथल्या माणसांनी साहजिकच अर्थ काढला की झडप मिटली. वास्तविक तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. झडपेला जाणाऱ्या हुकमाला जोडलेला होता. ‘मिटावे’ असा हुकूम गेला, दिवा विझला. झडप मात्र तशीच उघडी राहिली, आणि अणुभट्टी थंड राखणारे पाणी दोन तासांहून अधिक वेळ तिच्यातून निसटत राहिले. भट्टीच्या गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला. दिव्याने हुकमाची साक्ष दिली. माणसांनी ती कृतीची साक्ष म्हणून घेतली.

हा भेद आपल्याकडच्या आगगाडीच्या जुन्या जाणत्यांना चांगला ठाऊक होता. सिग्नलच्या केबिनमधला माणूस खटका ओढतो. दूरवर खांबावरचा हात तारेने हलतो. पण खटका ओढला म्हणजे हात हललाच असे ते लोक धरून चालले नाहीत. जो हात केबिनमधून दिसत नाही त्याच्यासाठी केबिनमध्ये एक लहानसा दर्शक बसवीत, आणि तो खटक्याला न जोडता खुद्द त्या दूरच्या हाताला जोडीत. रात्री हात आडवा असला म्हणजे सिग्नलच्या दिव्याचा एक बारीक कवडसा मागच्या बाजूने केबिनवाल्याला दिसे, आणि दिवा जळतो आहे हे त्याला कळे. शिवाय खांबावर वजन अशा रीतीने लावलेले असे की तार तुटली तर हात आपोआप आडवा व्हावा, म्हणजे गाडी थांबावी. ज्याने ही रचना केली त्याने मनाशी धरले असले पाहिजे की एखादे दिवशी आपली तार तुटणार आहे. माझ्या मते ही केवळ यंत्रविद्या नाही. आपण चुकू शकतो हे आधीच मान्य करून त्याची सोय करून ठेवणे, याला मी नीती म्हणतो.

तर मग सगळा दोष बसवणाऱ्याचाच, असे म्हणून वाचणाऱ्याने मोकळे व्हावे काय? तसेही होता येत नाही. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेले ईस्टर्न एअर लाइन्सचे एक प्रवासी विमान मायामीला उतरत असताना पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. चाक खाली आले आहे की नाही हे कळेना. म्हणून विमान दोन हजार फुटांवर फिरते ठेवून चालक त्या दिव्यामागे लागले. त्या गडबडीत उंची राखणारी यांत्रिक व्यवस्था नकळत सुटली आणि विमान हळूहळू खाली येऊ लागले. इशाऱ्याचा टोलाही वाजला. तो कोणाच्या कानी पडला नाही. फ्लॉरिडाच्या दलदलीत विमान कोसळले आणि १७६ जणांपैकी १०१ मरण पावले. चाक खाली आलेले होते. दिव्याचे बल्ब तेवढे गेले होते. येथे रचना करणाराला मी फार दोष देऊ शकत नाही. दिवा विझला की त्याचे कारण बाहेर असेल, किंवा दिव्यातच असेल; आणि ते शोधण्यात सर्वांनीच मान खाली घातली तर समोरची जमीन कोणी पाहायची? म्हणूनच चांगली यंत्रे सुरू होताना क्षणभर आपले सगळे दिवे लावून दाखवतात. तुमच्या मोटारीतही किल्ली फिरवल्यावर तसे होते. साक्षीदार जिवंत आहे एवढे त्यातून कळते. तो खरे बोलेल की नाही हा पुढचा भाग.

आता यंत्रे बाजूला ठेवू. आमच्या लहानपणी प्रत्येक पत्राची सुरुवात ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’ अशी असे. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असो, कर्जाचा हप्ता थकलेला असो, पहिली ओळ तीच. तो रिवाजाचा हुकूम होता, आणि हात तो पाळी. आजही कोणी ‘कसे काय?’ म्हटले की ‘ठीक’ हा शब्द तोंडातून पडतो. आपणही एकमेकांना हिरवे दिवेच दाखवीत असतो. मला यात ढोंग दिसत नाही. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकापुढे आपली पाचही दुखणी मांडणे शोभणारही नाही. परंतु जो रोज कण्हतो त्याच्याकडेच आपले लक्ष जाते आणि जो गप्प आहे तो निवांत असेल असे आपण धरून चालतो, तेव्हा माझ्या पुतण्याने त्या मध्यरात्री जे केले तेच आपण करीत असतो. कण्हणारा निदान जिवंत असतो.

हे मी दुसऱ्याला शिकवण्यासाठी लिहीत नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहतात. मुलगा न्यू जर्सीत असतो. गेल्या दिवाळीला येऊन गेला तेव्हा त्याने बापासाठी मोठा आकाशकंदील लावून दिला, आणि वडिलांना खुर्चीवर चढावे लागू नये म्हणून बटणाशी एक घड्याळ जोडून दिले. सायंकाळी साडेसहाला कंदील आपोआप लागे, अकराला आपोआप विझे. मुलगा गेला. कंदील आम्ही जाता-येता पाहत होतो. तो वेळेवर लागे. आजोबांचे ठीक चालले आहे असे आम्हा सर्वांना वाटे. भाऊबीजेला वरच्या मजल्यावरची मुलगी फराळाचे ताट घेऊन गेली, आणि दार कोणी उघडीना म्हणून रडवेली होऊन परत आली. दार उघडवले तेव्हा आजोबा तापाने निपचित पडले होते. तीन दिवस त्यांच्या पोटात धड पाणीही गेले नव्हते. दवाखान्यात नेले, सुदैवाने बरे झाले.

त्या तीन दिवसांत मी त्या कंदिलाखालून किती वेळा गेलो याची मोजदाद नको. एकदा तर बायकोला म्हणालो होतो, “कंदील मात्र आजोबांचा सर्वांत छान.” साडेसहा वाजले, एवढेच तो कंदील सांगत होता. आजोबा ठीक आहेत, हे मी माझ्या पदरचे घातले होते. आणि ते का घातले, हे मला पुरते ठाऊक आहे. कंदील पेटलेला असला की दाराशी थांबावे लागत नाही. जी खूण आपल्याला पुढे जाण्याची मोकळीक देते ती आपण फार चटकन खरी मानतो. वाचणाऱ्याचा दोष तो हाच. बसवणाऱ्या मुलाने हे सारे प्रेमापोटीच केले होते. त्याला मी काय म्हणू?

पुतण्याच्या नोंदवहीतल्या त्या तीन ओळींची किंमत मला तेव्हा नीट कळली. ‘मी एवढे पाहिले, एवढे पाहिले नाही’ असे कोणत्याही दिव्याला म्हणता येत नाही. माणसाला ते म्हणता येते. आणि समोरचा ‘ठीक’ म्हणाला तरी तारेवरून बोट फिरवीत ती कोठे गेली आहे हे शोधण्याची मुभाही माणसाला असते. रोज सगळ्यांच्या तारा तपासणे शक्य नाही, हे खरे. पण ज्यांच्यावाचून आपले किंवा आपल्यावाचून ज्यांचे अडेल, अशी चार-सहा माणसे प्रत्येकाला असतात. तेवढ्यांच्या बाबतीत तरी दिवा पाहून पुढे जाऊ नये, असे मी स्वतःपुरते ठरवले आहे.

यंदा वसुबारसेच्या संध्याकाळी तो कंदील पुन्हा लागला. मी पुढे गेलो होतो. तसाच मागे फिरलो आणि घंटी वाजवली. बराच वेळ काही हालचाल नाही. मग आत चपला सरपटल्याचा आवाज आला, कडी निघाली, आणि आजोबा चष्मा सावरीत दारात उभे राहिले.

“काय हो, काही काम काढलंत?”

“काम काही नाही. कंदील लागलेला दिसला, म्हणून आलो.”

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग हसून बाजूला झाले. “या आत,” म्हणाले, “चहा टाकतो.”